सुकेळीच्या चढावर पाणी कुठं जातं

त्या वर्षी दिवाळी झाली आणि आमच्या ट्रकला दोन आजार एकदम जडले. पहिला म्हणजे चढाला लागला की तो अडखळायचा. नवऱ्याने ॲक्सिलरेटर दाबला तरी क्षणभर काहीच व्हायचं नाही, मग एक गचका बसायचा आणि मग कुठे इंजिन ओढायला लागायचं. दुसरा त्याहून विचित्र. रेडिएटरमध्ये सकाळी काठोकाठ भरलेलं पाणी संध्याकाळी दोन-तीन लिटर कमी व्हायचं, आणि खाली जमीन बघावी तर कोरडी ठणठणीत.

ट्रक सहा टायरी, आमच्या लेकीहून जेमतेम दोन वर्षांनी लहान. भाताच्या हंगामात आम्ही रोहा-कोलाडकडच्या गावांमधला भात पेणच्या पोह्यांच्या गिरणीला पोचवायचो. आम्ही म्हणजे खरं तर नवराच. मी रोह्याला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सोळा वर्षं चपात्या लाटल्या. त्या पावसाळ्यात कंत्राटदार बदलला, आमची शिफ्ट बंद झाली आणि मी घरी बसले. म्हणून या ट्रकच्या भानगडीत पडायला मला वेळ मिळाला.

नवऱ्याने आधी ट्रक रोह्यातल्या एका मेकॅनिककडे नेला. त्याने रेडिएटरचं झाकण आणि डिझेलचा फिल्टर बदलला. दोन दिवस गाडी मुकाट चालली. तिसऱ्या दिवशी अडखळणं परत सुरू, आणि पाणी तर आधीपेक्षा जास्त जायला लागलं. मग पेणला दुसरा मेकॅनिक बघितला. त्याने काही खोललं नाही, सोडलं नाही. बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "हेड गॅस्केट गेलंय. इंजिन खोलायला लागेल. पंधरा दिवस गाडी इथंच ठेवा."

हंगामात पंधरा दिवस गाडी उभी ठेवायची म्हणजे हंगाम सोडून द्यायचा. नवरा घरी आला. ताट पुढ्यात घेतलं आणि म्हणाला, "विकून टाकू. लेक पण कधीची तेच सांगतेय."

"विकायचा तर विकू," मी म्हटलं. "पण त्याला झालंय काय ते कळल्याशिवाय नाय."

"तुला काय कळणार हाय त्यातलं?"

"नाय कळत. म्हणून तर उद्या येते मी पण."

दुसऱ्या दिवशी मी क्लिनरच्या सीटवर जाऊन बसले. खांब गाव मागे पडलं, सुकेळीची खिंड लागली, आणि भरलेला ट्रक चढावर अडखळला. मागे एसटी होती. तिचा हॉर्न सारखा वाजत होता. नवरा शांतपणे समोर बघत होता.

"अवो, जरा डावीकडे घ्या. मागची एसटी केव्हाची हॉर्न देतेय."

त्याने दचकून आरशात बघितलं. "कुठं देतेय?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. पण ती वेळ बोलायची नव्हती.

खिंडीच्या माथ्यावर त्याने गाडी कडेला घेऊन बंद केली. इंजिनाची घरघर थांबली आणि मला एक आवाज ऐकू आला. चर्रर्र. कॅन्टीनमध्ये तापलेल्या तव्यावर ओल्या हाताचं पाणी उडालं की व्हायचा तसा. एक थेंब, मग थोड्या वेळाने आणखी एक.

"ऐकलंत?"

"काय?"

"तव्यावर पाणी पडल्यासारखं. इंजिनाच्या मागल्या बाजूनं."

तो खाली उतरला, बॉनेट उघडून वाकला. बराच वेळ वाकून होता. "काय नाय गो," म्हणाला. तोवर आवाज थांबलाही होता.

पुढच्या दोन खेपांना मी पुन्हा तिथेच गाडी थांबवायला लावली. दोन्ही वेळा मला आवाज आला, त्याला नाही. तिसऱ्या खेपेला मी इंजिनाकडे न बघता त्याच्याकडे बघितलं. तो वाकला होता खरा, पण ऐकत नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत होता, मी आता काय म्हणते ते.

पाण्याचा पिच्छा मी सोडला नाही. रेडिएटरच्या झाकणाजवळून एक बारीक नळी खाली येते, पाणी जास्त झालं की बाहेर पडायला. तिच्या तोंडाला मी प्लॅस्टिकची बाटली बांधली. पेणला जाऊन आलो, बाटली कोरडी. अंगणात गाडीखाली वर्तमानपत्रं पसरून ठेवली. सकाळी तीही कोरडी. नवऱ्याने ऑइलची पट्टी काढून दाखवली. ऑइल काळं होतं, पण ताकासारखं झालं नव्हतं, म्हणजे पाणी ऑइलमध्येही जात नव्हतं. आधी नुसता बघत बसणारा तो, आता स्वतःहून एकेक गोष्ट काढून दाखवायला लागला होता.

गिरणीवरच्या एका ड्रायव्हरने आम्हाला कासूजवळच्या एका मेकॅनिकचं सांगितलं. साठीचा माणूस, बावीस वर्षं आखातातल्या गॅरेजमध्ये काढून परत आलेला. पत्र्याच्या शेडमध्ये एकटाच काम करायचा. आम्ही गेलो तेव्हा त्याने पाना उचललाच नाही. आधी स्टूल पुढे केलं.

"बसा वहिनी. पाणी कधी जातं? गाडी उभी असताना का चालताना?"

"चढावर, भाई," मी म्हटलं, आणि आवाजाचं, अडखळण्याचं, बाटलीचं, ऑइलचं, आधीच्या दोन्ही मेकॅनिकचं सगळं सांगितलं.

तो इंजिनात डोकं घालून बघू लागला. तसाच पाठमोरा त्याने नवऱ्याला विचारलं, "सकाळी पांढरा धूर देते काय?"

नवरा गप्प. मेकॅनिकने मान वळवून आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. तो हात पुसत पुढे आला, नवऱ्यासमोर उभा राहिला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, जणू पहिल्यांदाच विचारतोय. "नाय देत," नवरा म्हणाला. त्यानंतर त्या माणसाने नवऱ्याशी एक शब्दही पाठमोरा होऊन काढला नाही.

"धूर नाय, ऑइलात पाणी नाय, बाटली कोरडी," तो म्हणाला. "मग हेड कशाला खोलायचं? आधी दाब देऊन बघू."

आखातातून आणलेला एक हातपंप त्याच्याकडे होता, वर काटा असलेला. तो त्याने रेडिएटरच्या तोंडावर बसवला आणि हवा भरली. काटा वर गेला आणि अगदी सावकाश खाली यायला लागला. पण पाणी कुठेच दिसेना.

"आता कोणी बोलायचं नाय," म्हणत त्याने शेडमधला पंखा बंद केला. "वहिनी, तुम्ही ऐका."

गाडी थंड होती, त्यामुळे चर्रर्र नव्हतं. नुसती बारीक फुसफूस. मी डोळे मिटून वाकले आणि बोट दाखवलं. त्याने तिथे लहानसा आरसा आणि बॅटरी धरली. हवेच्या ब्रेकच्या कॉम्प्रेसरला पाणी नेणारी बोटभर जाडीची रबरी नळी होती. तिच्या खालच्या बाजूला, पट्टी आवळलेल्या जागेलगत, एक चीर पडली होती. नळीच्या बरोबर खाली धुराचा लोखंडी पाइप, आणि त्यावर पांढऱ्या क्षाराचे डाग.

"चढावर हा पाइप असा तापतो की थेंब पडला की वाफ," मेकॅनिक म्हणाला. "जमिनीपर्यंत पोचणार कसा तो?"

"मग नवं झाकण घातल्यावर जास्त का जायला लागलं?" मी विचारलं.

"जुनं झाकण ढिलं होतं, दाब धरत नव्हतं. नवं धरतं. दाब वाढला तशी चीर उघडली."

नळी बदलली. नवऱ्याचा चेहरा उजळला. आता अडखळणंही गेलं असणार, म्हणून गाडी हायवेवर काढली आणि ॲक्सिलरेटर दाबल्याबरोबर ती अडखळली. मला तर रडूच आलं.

"ते दुखणं वेगळं हाय, वहिनी," गाडी परत शेडला आणल्यावर मेकॅनिक म्हणाला. "एका वेळी दोन्ही झाली, म्हणून सगळे एकच समजत गेले."

त्याने डिझेलच्या वाटेत हातभर पारदर्शक नळी जोडली. इंजिन चालू करून रेस केल्यावर त्या नळीतून बुडबुडे धावायला लागले. डिझेलमध्ये हवा येत होती. फिल्टर बदलताना पहिल्या मेकॅनिकने साचलेली हवा काढली होती, म्हणून दोन दिवस बरे गेले होते. पण येत होती कुठून?

नवरा न सांगता गाडीखाली शिरला. टाकीपासून त्याने पाइप हातात धरला आणि इंचाइंचाने चाचपत पुढे सरकत गेला. मधेच थांबला. "इथं," तो खालून ओरडला. "चासीला घासलाय."

मेकॅनिक वाकला, त्याने बोट लावलं आणि हसला. "व्हय. डिझेलचा पंप ओढतो ना, म्हणून इथून डिझेल बाहेर पडत नाय, हवा आत जाते. डोळ्यानं सापडलं नसतं मला हे."

तो पाइपही बदलला, आणि दोन दिवसांनी पुन्हा खेप होती. भरलेला ट्रक सुकेळीचा चढ एका दमात चढून गेला. माथ्यावर नवऱ्याने गाडी बंद केली आणि माझ्याकडे बघितलं. मी ऐकलं. काही नव्हतं. मी मान हलवली. मग तशीच त्याच्याकडे तोंड करून म्हटलं, "पेणला कानाचा डॉक्टर हाय."

त्याने स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले. "कधीपास्नं ठाऊक हाय तुला?"

"पहिल्या खेपेपास्नं."

"मला दोन वर्षांपास्नं. लायसन जाईल म्हणून बोललो नाय."

"भात उतरवून झाला की जायचं," मी म्हटलं. त्याने नाही म्हटलं नाही.

डॉक्टरने दोन्ही कान तपासले, डाव्या कानाला यंत्र दिलं आणि गाडी चालवायला हरकत नसल्याचं लिहूनही दिलं. यंत्र लावून पहिल्यांदा निघालो तेव्हा तो प्रत्येक आवाजाला दचकत होता. कोलाडला वळायच्या आधी त्याने एकदम गाडीचा वेग कमी केला.

"हे काय टकटक वाजतंय? आता आणखी काय बिघडलं?"

"इंडिकेटर हाय तो."

"आधी पण वाजायचा?"

"गाडी घेतली तेव्हापास्नं."

तो वळला. वळण संपून गाडी सरळ झाली तरी त्याने इंडिकेटर लगेच बंद केला नाही.