जावासाहेबांचा परवाना आणि आमचे भाऊसाहेब

माननीय वामनराव, म्हणजे आम्हां साऱ्यांचे भाऊसाहेब, यांची आणि माझी पहिली ओळख झाली, ती मी त्यांची चार महिन्यांची मेहनत एका शब्दात मातीत घातली त्या दिवशी. गौरवग्रंथात अशी सुरुवात शोभत नाही, असे संपादक मास्तर म्हणाले. मी म्हटले, "मास्तर, मग दुसऱ्याकडून लिवून घ्या." तेव्हा त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. माझे शुद्धलेखन त्यांनी तपासले आहे; मजकुराला मात्र मी हात लावू दिलेला नाही.

मी शेळगावचा रामा गुळव्या. आमच्या घरात तीन पिढ्या गूळ शिजवतात. काहिलीतल्या रसाचा नुसता आवाज ऐकून गूळ कधी उतरवायचा ते मी सांगत असे, आणि पंचक्रोशीत मला त्याचा मान होता. मग आमच्या इंदापूर तालुक्यात साखर कारखाना उभा राहू लागला. कालव्याकाठच्या शेतकऱ्यांनी आपला ऊस कारखान्याला कबूल केला, आणि एकेक गुऱ्हाळ बंद पडू लागले. माझ्या हाताला पुढे काम उरणार नाही हे मला दिसत होते.

भाऊसाहेब मूळचे बारामतीचे. सरकारी कचेरीत उमेदीची वर्षे काढून ते कारखान्याच्या दफ्तराचे प्रमुख झाले होते. यंत्रे आली होती, ऊस वाढत होता, पण साखर शिजवणारा माणूस नव्हता. कारखान्याच्या धन्यांनी जावा बेटावरचा एक डच जाणकार हेरला. पण परक्या मुलखातला माणूस कामाला आणायचा म्हणजे गाडी पाठवून पाहुणा आणण्याइतके सोपे नसते. आधी कलेक्टर कचेरीकडे अर्ज करायचा. माणूस कोण, कुठला, कोणत्या कामाला, किती मुदतीसाठी, काम संपल्यावर त्याला परत पाठवण्याची हमी कुणाची, हे सारे त्यात लिहायचे. आणि सर्वांत अवघड रकाना हा, की हे काम येणारा इथला माणूस का मिळत नाही. त्यावर मामलेदार चौकशी करणार, मग मुंबई सरकार मंजुरी देणार, मग तिकडच्या इंग्रज वकिलातीत पासपोर्टावर शिक्का बसणार, तेव्हा कुठे माणूस बोटीत पाय ठेवणार. भाऊसाहेबांची रीत अशी, की कोणताही कागद तीनदा मोठ्याने वाचल्याशिवाय ते पुढे पाठवत नाहीत. या अर्जापायी त्यांचा घसा बसला होता म्हणे.

अशातच मामलेदारसाहेब चौकशीला आमच्या गुऱ्हाळावर आले. सोबत काखेत छत्री घेतलेले भाऊसाहेब होते. मामलेदारांनी विचारले, "काय रे, या तालुक्यात उसाच्या रसाची साखर शिजवणारा कोणी आहे का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, "हाय की! मी हाय. आमी काय मेलोय व्हय?"

मामलेदारांनी ते जसेच्या तसे टिपून घेतले. भाऊसाहेबांनी छत्री दुसऱ्या काखेत घेतली. जाताना एवढेच म्हणाले, "रामराव, खरंच येतं ना तुम्हांला?" तोवर मला रामराव असे कुणी म्हटले नव्हते. मी छाती फुगवून सांगितले, "जो गूळ करतो, त्येला साखर काय अवघड?"

पंधरा दिवसांत अर्ज परत आला. स्थानिक माणूस उपलब्ध आहे, सबब परका आणण्याचे कारण दिसत नाही.

कारखान्यात एकच गहजब झाला. हंगाम तोंडावर आलेला, ऊस रानात उभा. साखर निघाली नाही तर ऊस वाळणार, आणि साऱ्या गावांचे वर्ष वाया जाणार. पुढचे मला दफ्तराच्या पट्टेवाल्याने सांगितले. धनी संतापून म्हणाले, "त्या गुळव्याचा अंगठा घ्या, अन् मला काही येत नाही असं वर लिहून टाका." भाऊसाहेब धन्यांपुढे उभे राहून शांतपणे म्हणाले, "त्यांना येतं की नाही, हे मला ठाऊक नाही, आपल्यालाही नाही. येत असेल तर नोकरी त्यांची. नसेल तर ते स्वतः सांगतील. खोटा जबाब या हातानं जाणार नाही." आपल्या अन्नदात्याला असे तोंडावर सांगणारी माणसे मी फार पाहिली नाहीत.

मला बोलावणे आले. फिटर लोकांनी चाचणीपुरता ऊस गाळला होता. नवा फेटा बांधून मी ऐटीत गेलो, आणि साखर शिजवायचा तो पॅन पाहून गारठलो. दोन पुरुष उंचीचे बंद पातेले! आतली हवा काढून घेतात, म्हणून रस वाफेच्या मंद आचेवरच उकळतो. ना जाळ, ना वास, ना फेस. बाहेरून डोकावायला हाताएवढी काच. मी काहिलीतल्या खुणांची वाट बघत राहिलो आणि सांगत राहिलो, "आजून वाफ सोडा, आजून." शेवटी आतला सगळा पाक दगड होऊन बसला. दोन दिवस माणसे तो पहारीने फोडत होती. मी मात्र घामाने भिजलेला फेटा काढून ठेवला होता, तो तिथेच टाकून घर गाठले.

तिसऱ्या दिवशी भाऊसाहेब शेळगावात आले. हातात माझा फेटा होता, धुऊन घडी घातलेला. मी मान वर करीना. ते म्हणाले, "आधी फेटा बांधा, रामराव. मग बोलू."

मी फेटा बांधला. बांधताना डोळ्यांतून पाणी आले, ते मी लपवले नाही.

"आता जबाब कोणता द्यायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा," ते म्हणाले. "मी काही शिकवणार नाही."

मी उसळलो. "लिवा! रामाला साखर येत न्हाय. आन ह्ये बी लिवा, की कुणी शिकवलीच न्हाय, म्हणून येत न्हाय!"

भाऊसाहेबांची पेन्सिल जागच्या जागी थांबली.  मग ते म्हणाले, "हेच. सगळ्या अर्जात हेच एक लिहायचं राहिलं होतं."

तिथेच, गुऱ्हाळाच्या ओट्यावर बसून, त्यांनी नवे कलम लिहिले. येणारा गृहस्थ दोन हंगामांपुरता येईल. त्या मुदतीत तो इथल्या माणसाला हे काम शिकवील. ते शिकून झाले की त्याची गरज संपली असे कारखाना स्वतः कळवील. खाली शिकणाऱ्याचे नाव घातले, माझे. मग तीनदा मोठ्याने वाचले. मामलेदारांनी माझा नवा जबाब घेतला, कलेक्टरसाहेबांनी शिफारस केली, मुंबईची मंजुरी आली. त्या आठवड्यांत शेजारच्या वरकुट्याची माणसे भेटली की विचारायची, "काय रं रामा, तुजा सायब कवा येतूय?" टिंगल होती, पण विचारणाऱ्यांचाही ऊस रानात उभाच होता.

आणि जावासाहेब आले! बारामतीच्या स्टेशनावर ही गर्दी. उंचेपुरे, लालबुंद साहेब गाडीतून उतरले. आम्ही हार पुढे केला, तर भाऊसाहेबांनी आम्हांला हाताने थोपवले, आधी पासपोर्ट उघडून शिक्का डोळ्यांनी पाहिला, आणि मग म्हणाले, "हं, घाला आता हार."

पहिल्याच दिवशी साहेबांनी पॅनमधून चमचाभर पाक काढला, अंगठा आणि बोट यांच्यात धरून त्याची तार ओढली आणि उजेडाकडे धरली. मी ओरडलोच, "आँ! ह्ये तर आमचंच!" मीही तार ओढून दाखवली. साहेब खो खो हसले. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना. आमचे सारे बोलणे पुढे त्या दोन बोटांनी झाले. हंगामाची पहिली साखर पांढरीशुभ्र घसरत खाली आली, तेव्हा शेतकऱ्यांनी हातात घेऊन खाल्ली, टोप्या उडवल्या.

पॅनवरच्या तबकड्यांचे आकडे मला वाचता येत नव्हते. दुपारच्या सुट्टीत आपला डबा बाजूला ठेवून ते आकडे आणि मागोमाग अक्षरे मला शिकवली ती भाऊसाहेबांनी. हा लेख त्याच अक्षरांत लिहिला आहे. साहेब तापाने पडले, तेव्हा बारामतीहून आलेल्या वहिनीसाहेबांच्या हातची पेज घेऊन भाऊसाहेब दोन्ही वेळ त्यांच्या बंगल्यावर जात. म्हणत, "अर्ज करून माणूस आणलाय, तो काही नुसता कागद नाही."

दुसरा हंगाम सरत आला. धन्यांना साहेब आवडले होते. मुदत वाढवावी असे त्यांच्या मनात होते. अर्ज गेला आणि तेच मामलेदारसाहेब चौकशीला आले, थेट पॅनपाशी. प्रश्न तोच. "या तालुक्यात हे काम येणारा कोणी आहे का?"

 मी भाऊसाहेबांकडे पाहिले. ते म्हणाले, "रामराव, खरं असेल तेच सांगा."

मी पाक काढला, तार ओढली, मामलेदारांपुढे धरली. म्हणालो, "हाय की. मी हाय."

मामलेदार हसून म्हणाले, "पहिल्या खेपेलाही हेच म्हणाला होतात."

"तेव्हा ते जरा लवकर बोलले होते," भाऊसाहेब म्हणाले, "एवढंच."

मुदतवाढीचा विचार सोडून धन्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आता परक्या माणसाची गरज उरली नाही, या दाखल्यावर पहिली सही खुद्द जावासाहेबांनी केली, आणि मग मला कडकडून मिठी मारली. भाऊसाहेबांनी तो दाखला रीतीप्रमाणे मोठ्याने वाचला. एकदा वाचला, दोनदा वाचला. तिसऱ्यांदा त्यांचा आवाजच फुटेना, म्हणून तो मी वाचला.

आज भाऊसाहेब साठ वर्षांचे होत आहेत. पॅनवर आता आमच्याच तालुक्याची चार माणसे काम करतात आणि पाचवा शिकतो आहे. भाऊसाहेब, तुम्ही आम्हांला शिकवलेत की माणसाचा अर्ज करताना कोण, कुठला, कशासाठी हे सारे खरे लिहावे. तुमच्यासाठी आम्ही सर्वांनी मिळून वरच्या कचेरीत एक अर्ज केला आहे. निरोगी देहाने, खणखणीत आवाजाने, छत्रीसकट तुम्ही आमच्यात राहावे एवढीच मागणी आहे. इथे या कामाला दुसरा माणूस मिळत नाही, असा जबाब मी दिला आहे, आणि या खेपेला तो अगदी खरा आहे. मुदतीचा रकाना आम्ही कोरा ठेवला आहे.