कॅप्टनसाहेबांची फ्रेम

मुलीच्या साखरपुड्यात मी होणाऱ्या जावयाच्या घराण्यातल्या एका सुखी जोडप्याला सख्खे बहीण-भाऊ करून टाकलं. तेही फ्रेम करून.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. सातारा जिल्ह्यातून निघालो आणि जर्मनीत श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेनमध्ये गिअरबॉक्स डिझाइन करत स्थिरावलो, याचा मला अभिमान आहे. पण लेकीने, ऋचाने, निवडलेल्या फेलिक्सचे वडील डॉक्टरेट झालेले, आजोबाही डॉक्टरेट झालेले. पहिल्याच भेटीत त्याच्या वडिलांनी विचारलं, “तुमचे आजोबा काय करायचे?” मी म्हणालो, “लॉजिस्टिक्स.” (आजोबा गाढवांवरून वाळू वाहायचे. खोटं कुठे बोललो?)

तेव्हापासून एकच धास्ती. उद्या या घरात माझ्या लेकीकडे कुणी वरून बघता कामा नये. आपणही शिकलेले आहोत हे दिसलं पाहिजे. म्हणून मी ठरवलं, त्यांचीच वंशावळ शोधून त्यांना भेट द्यायची.

फेलिक्सच्या आजीचे, म्हणजे ओमाचे, पणजोबा मेक्सिकोच्या सरहद्दीवरचे, स्पॅनिश बोलणारे. त्यांची मुलगी एका जर्मन खाण-इंजिनिअरशी लग्न करून इकडे आली. पणजोबांच्या बाप्तिस्म्याच्या जुन्या कागदाचा फोटो ऋचाकडे होता. त्यावर नाव, होसे मारिया वाल्देस रोमेरो.

मी ते एका दमात सोडवलं. होसे मारिया हे स्वतःचं नाव, वाल्देस वडिलांचं, रोमेरो आडनाव. माझं संपत ज्ञानोबा जाधव, तसंच की.

“अहो, एकदा फेलिक्सला विचारा तरी,” सुनंदा, माझी बायको, म्हणाली.

“सरप्राइज आहे. आणि मी इंजिनिअर आहे. ड्रॉइंग वाचता येतं मला.”

“गिअरचं वाचता येतं. ही माणसं आहेत.”

तीन महिने मी रोज ऑफिसमधून येऊन कॉम्प्युटरवर चर्चच्या जुन्या नोंदवह्या चाळल्या. कागदावरच्या गावात रोमेरो एकच. सरहद्दीवरच्या ठाण्याचा घोडदळाचा कॅप्टन! त्याची मुलगी इनेस सापडली. मुलगा वाल्देस काही सापडेना. वहीची दोन पानं वाळवीने खाल्लेली होती. तो तिथेच असणार, असं मी ठरवलं आणि त्याला इनेसच्या शेजारी बसवून टाकलं.

साखरपुड्याच्या रविवारी सगळे आमच्याकडे आले. टेबलावर केक, शिरा आणि मधोमध अंगठ्यांची डबी. अंगठ्यांच्या आधी मी ओमापुढे वंशावळीची फ्रेम ठेवली. सगळ्यात वर तलवारधारी कॅप्टन. (चित्र दुसऱ्याच कुठल्यातरी कॅप्टनचं होतं, पण तलवार छान होती.)

ओमाने चष्मा लावला. तिचं बोट खाली सरकत एका चौकटीवर थांबलं.

“इनेस. होसेची आई.”

“आत्या,” मी दुरुस्त केलं.

“आई,” ओमा म्हणाली. “आणि हा वाल्देस कोण?”

“तिचा भाऊ.”

“नवरा.”

फेलिक्स हळूच म्हणाला, “तिकडे आधी वडिलांचं आडनाव लावतात, मग आईचं. वाल्देस वडिलांचं, रोमेरो इनेसचं.”

केकचे काटे जागच्या जागी थांबले. सगोत्र नको म्हणून सुनंदाने माझ्या पुतणीची दोन स्थळं मोडली होती. मी इथे सख्ख्या भावंडांचं लग्न लावून दिलं होतं.

“आणि हा वर कोण बसवलाय?” ओमाचा आवाज बदलला. “याने इनेसला घराबाहेर काढलं. खेचरं हाकणाऱ्याशी लग्न केलं म्हणून. याचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही.”

“पापा, बिट्टे, प्लीज,” ऋचा कुजबुजली, “आता काही बोलू नकोस.”

फेलिक्सच्या आईने अंगठ्यांच्या डबीवर हात ठेवला. पुढे सरकवायला की मागे ओढायला, ते कळेना.

तेवढ्यात सुनंदा तिच्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाली, “यांचे आजोबा गाढवं हाकायचे.”

“सुनंदा, लॉजिस्टिक्स,” मी मराठीत पुटपुटलो.

“गाढवं,” तिने पुन्हा जर्मनमध्ये सांगितलं. “अकरा.”

ओमाने माझ्याकडे बघितलं. मग तिने कॅप्टनला टेबलावर पालथा घातला.

“म्हणजे याने तुम्हालाही दारात उभं केलं नसतं. बरं झालं. आल्झो, चला मुलांनो, घाला अंगठ्या.”

अंगठ्या घालून झाल्या. ऋचा हसली, तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण ओमाने कागदी नॅपकिन पुढे ओढला आणि पेन उघडलं.

“आता तुमची बाजू लिहू. गाढववाल्या आजोबांचं नाव?”

“धोंडिबा.”

“त्यांचे वडील?”

मी छताकडे बघितलं. कॅप्टनच्या सासऱ्याचं गावसुद्धा मला पाठ होतं. शेवटी सगळ्यांदेखत गावाकडे थोरल्या भावाला फोन लावला.

“दादा, आपल्या पणजोबांचं नाव काय होतं?”



“आता बघ,” दादा म्हणाला, “घरात शिकलेला तू एकटा. हे तुलाच माहीत असणार.”