एकवीस किलोमीटर, व्हाया सासुरवाडी

माणूस पन्नाशीत पळायला लागतो तो तब्येतीसाठी नाही, साडूसाठी.

माझा साडू दिलीपराव श्रीगोंद्याला शिक्षक आहे. मी राहात्यात जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. एका पान्यावर धंदा सुरू केला, आणि समोरच्याने सांगितलेली पहिली किंमत आजवर कधी मान्य केलेली नाही. (लग्नाचा मुहूर्तसुद्धा मी भटजींकडून पाऊण तास मागे घेतला होता.) असा मी, आणि मेहुणीच्या वास्तुशांतीला हा दिलीपराव गळ्यात अर्धमॅरेथॉनचं पदक घालून पंगतीत वाढत होता. वाकला की पदक आमटीत बुडायचं. मी सहज म्हणालो, त्यात काय एवढं, पळायचंच तर असतं. त्याने डाव हवेत थांबवला.

"साडूभाऊ, व्यापाऱ्याचं तोंड पळतं. पायांचं काम वेगळं."

माझी बायको मंगल हसली. साडूचं बोलणं मी एखाद्या वेळेस विसरलो असतो. बायकोचं हसणं विसरता येत नाही.

शेजारी एक निवृत्त फौजी राहतात. त्यांना सल्ला विचारला. ते म्हणाले, रोज पाच किलोमीटर. मी दोन म्हणालो. ते साडेचारवर आले, मी उठून चालायला लागलो, त्यांनी मागून हाक मारली आणि साडेतीनवर सौदा पटला. घरी येऊन फुशारकीने सांगितलं, तर मंगलने विचारलं, यात तुम्ही नेमकं कुणाला गंडवलं? मला राग आला. रागातच बूट घालून बाहेर पडलो.

रस्त्यावर वेगळाच ताप. आमच्याकडे धडधाकट माणूस कारणाशिवाय पळत नाही, असा समज आहे. पहिल्याच आठवड्यात चार मोटारसायकली थांबल्या. एकाने गाडी बंद करून हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं?" दुसऱ्याने तर दंडाला धरून मागे बसवलं आणि दवाखान्याच्या दारात नेऊन सोडलं. चौथा माझंच गिऱ्हाईक निघाला. त्याच्या ट्रॅक्टरचं इंजिन त्याच आठवड्यात बसलं होतं, आणि मी त्याला बघूनच पळतोय अशी त्याची खात्री झाली. (त्या दिवशी मी आयुष्यातला सर्वात वेगवान किलोमीटर पळालो.)

सहा महिन्यांत पंधरा किलोमीटरपर्यंत मजल गेली. मग आमच्या तालुक्यातच एकवीसची शर्यत जाहीर झाली. दिलीपरावाने नाव दिलं, तासाभरात मीही दिलं. नंतर नकाशा पाहिला. तेराव्या किलोमीटरला रस्ता आमच्या सासुरवाडीतून जात होता, सासऱ्यांच्या अंगणाला अगदी खेटून. आणि महिना होता धोंड्याचा! तीन वर्षांतून एकदा येतो, आणि त्यात जावयाला देव मानून पाटावर बसवतात, पाय धुतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात.

दुसरा कुणी घाबरला असता. मला त्यात माल दिसला.

आदल्या दिवशी मी सासूबाईंना फोन केला. म्हटलं, मामी, उद्या सकाळी दिलीपराव तुमच्या दारावरून पळत जाणार आहेत. ते भिडस्त आहेत, नको नको म्हणतील, पण सोडू नका. मामी गहिवरल्या. माझं नाव मी मुद्दामच काढलं नाही. मंगल मात्र दोन दिवस आधीच माहेरी गेली होती, आणि तिच्या तोंडाला कुलूप लावायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही.

शर्यत पहाटे सुटली. बारा किलोमीटर मी दिलीपरावाच्या मागे दोनशे पावलांवर चिकटून होतो. सासुरवाडी आली. अंगणात रांगोळी, पाट, तांब्या, आणि रस्त्याच्या मधोमध मामा-मामी. दिलीपराव अडकला! मी मनातल्या मनात फटाके लावले. तेवढ्यात तो वाकून पाया पडला, काहीतरी बोलला, माझ्याकडे बोट दाखवलं आणि निघून गेला.

मी पोचलो तेव्हा मामी डोळे पुसत होत्या. "काय संस्कार हायेत बगा. म्हनले, थोरलं जावई मागून येत्यात, त्यांच्या आदी मी पाटावर कसा बसू?"

मी हात जोडले. म्हटलं, मामी, येताना बसतो. मामांनी दंड धरला.

"धोंड्याच्या म्हैन्यात जावई दारावरनं उपाशी गेला तर आमी गावात तोंड कसं दाखवायचं?"

बूट उतरले. पाय धुतले, पुसले, कुंकू लागलं. शेजारच्या पाटावर मंगल नऊवारीत बसली होती. ती कानात म्हणाली, "हसा जरा. आई मध्यरात्रीपासून चुलीपाशी आहे." धोंड्यांवर मी घासाघीस केली. मी एक म्हणालो, मामी पाच म्हणाल्या, शेवटी सात खाल्ले. असा सौदा माझ्या धंद्यात कधी झालेला नाही. वर फेटा, खांद्यावर शेला, हातात नारळ. नारळ ठेवून जाऊ का, विचारलं. मामा म्हणाले, मानाचा नारळ खाली ठेवायचा नसतो. पाय सुजले होते, बूट चढेनात. मामांच्या चपला घालून मी उरलेल्या आठ किलोमीटरला लागलो.

दोन्ही बाजूंना पेरूच्या बागा. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. मी रस्त्याला म्हटलं, आठ फार होतात, सहावर ये. तो गप्प. साडेसहा म्हटलं. तरी गप्प. एकच आकडा सांगून शांत बसणारा असा पक्का गडी मी बाजारात पाहिला नव्हता. सोळाव्या किलोमीटरला मी घासाघीस सोडली. अठराव्याला लक्षात आलं, बराच वेळ दिलीपराव आठवलेला नाही. कुणाचाच राग आलेला नाही. लोक पळतात ते यासाठीच असेल, असं वाटून गेलं. (पुरणाची गुंगीही असू शकेल.)

शेवटची कमान उतरवत होते तेव्हा मी पोचलो. मंडपात बक्षीस समारंभ खोळंबला होता, कारण प्रमुख पाहुणे आले नव्हते. आणि फेटा, शेला, नारळ घेतलेला एक भारदस्त माणूस घामाघूम होऊन मंडपात शिरला.

"ज्यांची आपण आतुरतेने वाट पाहत होतो..." माइकवरून आवाज आला. दोघांनी मला धरून स्टेजवर चढवलं. मी म्हणत होतो, अहो, मी पळतोय. एक कार्यकर्ता अजीजीने म्हणाला, "सायेब, लगेच पळू नका. पाचच मिन्टं." छातीवरचा नंबर दाखवायला मी शेला काढला, तर निवेदक म्हणाला, पाहुणे आपला शेला विजेत्याला अर्पण करत आहेत. नंबर दिसल्यावर म्हणाला, खेळाडूंना प्रोत्साहन म्हणून पाहुण्यांनी नंबरसुद्धा लावलाय. टाळ्या.

मग माझ्या हातात पदक दिलं. आमच्या वयाच्या गटात तिसरा, दिलीपराव. तो मान वाकवून समोर उभा राहिला, अंगावर माझाच शेला. हळूच म्हणाला, "घाला साडूभाऊ. लोक बघतायत."

तो फोटो सगळ्या नातेवाइकांकडे पोचला आहे. मी अजूनही रोज पळतो, आणि भेटेल तो विचारतो की पदक घालताना तुमची बोटं एवढी का ताठली होती, फार दमला होतात का? दमलो नव्हतो. पदक घालायला दोन्ही हात साडूच्या गळ्यापर्यंत न्यावे लागतात, आणि तिथे पोचलेले हात नुसतं पदक घालून परत आणणं, हे त्या एकवीस किलोमीटरपेक्षा अवघड होतं.