तारीख चुकलेल्या फाइली

त्या दुष्काळात एक संस्था अहमदपूरच्या आसपासच्या वस्त्यांना टँकरने पाणी द्यायची. विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग करून मी नुकतीच संस्थेच्या अहमदपूरच्या ऑफिसात लागले होते. प्रत्येक वस्तीची एक फाइल होती: माणसं किती, टँकरच्या खेपा किती. दर सोमवारी फाइली पेनड्राइव्हवर घेऊन मी एसटीने लातूरच्या मुख्य ऑफिसात जायचे. टँकर तिथून ठरत.

तिथले साहेब एकेक फाइल उघडून, जुनीशी ताडून मगच बदलत. त्यात त्यांची दुपार जाई. मी त्यांना कमांडची एक ओळ लिहून दिली. ती चालवली की पेनड्राइव्हवरची फाइल तारखेने नवी असेल तरच लातूरच्या फोल्डरमधल्या जुन्या फाइलच्या जागी जायची. बाकीच्यांना हात लागत नसे. अर्ध्या मिनिटात काम व्हायचं.

"तरी एकदा नजर टाकायची का?" साहेबांनी विचारलं.

"गरज नाही सर," मी म्हणाले.

एप्रिलात एका तांड्यावरची बाई उन्हातून चालत आमच्याकडे आली. तिथली माणसं ऊसतोडीहून परतली होती, म्हणून तिने आधीच दुसरी खेप मागितली होती. मी तिच्यासमोरच फाइल बदलली होती.

"टँकर अजून एकच येऊन राहिलाय," ती म्हणाली. "कामून?"

मी फाइल उघडली. दोन खेपा. लातूरला फोन लावला. तिकडच्या फाइलीत एकच. मग मी आमच्या फाइलीची तारीख पाहिली. ती कित्येक वर्षांपूर्वीची होती.

आमच्या जुन्या कॉम्प्युटरमधली छोटी बॅटरी संपली होती. वीज गेली की त्याचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जायचं आणि बदललेल्या फाइलीवर तीच जुनी तारीख पडायची. पडद्याच्या कोपऱ्यातली चुकीची तारीख मला दिसली होती. उद्या बघू म्हणून मी सोडून दिली होती. कमांडने ती फाइल जुनी धरली आणि मागे ठेवली.

"चूक माझी आहे मावशी," मी म्हणाले. "उद्यापासून दुसरी खेप येईल."

"नवा जिल्हा व्हणार म्हणून लई बोलून राहिलेत लोक," ती उठत म्हणाली. "आदी पाणी तर नीट येऊ द्या."

साहेबांनी लगेच तिची फाइल हाताने दुरुस्त केली.

त्याच दिवशी मी बॅटरी बदलून घेतली आणि सगळ्या फाइली एकेक करून तपासल्या. आणखी चार वस्त्या तशाच निघाल्या. तिथून कुणीही विचारायला आलं नव्हतं. त्या आठवड्यात मी चारही ठिकाणी जाऊन काय झालं ते सांगितलं. शेवटच्या वस्तीवर एका म्हाताऱ्या बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्याकडंच पाणी कमी पडलं असंल," ते म्हणाले, "असं वाटलं आमाला."