दोन पाती आणि बत्तीस हातोड्या

मंगळवारी सकाळी दादा गेला. ट्रॅक्टर बंद करून तो लिंबाच्या झाडाखाली बसला होता. वहिनी चहा घेऊन गेल्या तेव्हा तो गेलेला होता. मी सोलापूरहून रेल्वेने येऊन केमला उतरलो तेव्हा दुपार झाली होती.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याने शेती केली, मी सोलापुरात शुक्रवार पेठेत राहून शाळेत मराठी शिकवलं. म्हणून तो मला कायम ‘मास्तर’ म्हणायचा, मी निवृत्त झाल्यावरही. त्यात मान किती आणि चेष्टा किती हे मी कधी वेगळं केलं नाही.

त्याच्या लिंबाच्या बागेत गवत असायचं. बाकीचे लोक झाडांच्या ओळींमधली जमीन कुळवून मोकळी ठेवतात. दादा गवत वाढू द्यायचा, ते गुडघ्याला लागलं की ट्रॅक्टरमागे यंत्र जोडून कापायचा आणि तिथेच पडू द्यायचा. त्याने ओल टिकते, असं त्याचं म्हणणं. रस्त्याने जाणारे थांबून म्हणायचे, “गवत लई झकास आलंय की औंदा. मधनं मधनं लिंबंबी दिसत्यात.” दादा हसून मान डोलवायचा.

त्याचं यंत्र म्हणजे स्लॅशर. लोखंडी झाकणाखाली दोन जाड पाती, छताच्या पंख्यासारखी आडवी फिरणारी. गवत काय, मनगटाएवढं झुडूपही ती तोडायची. मला मात्र दुसरं यंत्र पसंत होतं, मल्चर. त्यात एक आडवा रूळ असतो आणि त्याला छोट्या हातोड्या लोंबत असतात. रूळ फिरला की त्या उभ्या राहतात आणि गवताचा भुगा करतात. मी ते फक्त माहितीपत्रकात पाहिलं होतं. पत्रक इंग्रजीत होतं. त्यातला ‘फ्लेल’ हा शब्द अडला तेव्हा शब्दकोश काढला आणि दादाला फोनवर सांगितलं, “याचा अर्थ धान्य झोडपायची काठी.”

“गवत झोडपून काय दाणं काढायचं हायती का, मास्तर?”

तेव्हापासून आमच्या घरात मल्चरचं नाव झोडप्या पडलं. मी दरवेळी झोडप्याची बाजू घ्यायचो, दादा स्लॅशरची. आमचं बाकी फारसं बोलणं नसायचं. तो विचारायचा, “तुझ्या झोडप्याला हातोड्या किती?” मी म्हणायचो, “बत्तीस.” मग तो वहिनींकडे वळायचा. “ऐकलंस का? खंडेनवमीला माझ्या स्लॅशरला दोन बोटं कुंकू लावलं की झालं. ह्याच्या झोडप्याला लावत बसशील तर तितंच दसरा उजाडंल.”

गेल्या वर्षी एकदा दादा गवत कापत होता आणि मी त्याला पाणी द्यायला निघालो. आमच्याकडची जमीन मुरमाड. स्लॅशरखालून एक दगड उडाला आणि माझ्या हातातल्या तांब्यावर बसला. तांब्या दूर जाऊन पडला. दादा ट्रॅक्टर बंद करून पळत आला. त्याने तांब्याकडे बघितलंच नाही. माझं मनगट धरलं आणि एकेक बोट मिटून उघडून पाहिलं. पाचही झाल्यावर म्हणाला, “मास्तर, सोपा झेल सोडलास की.”

वहिनी मात्र हसल्या नाहीत. दोन दिवस त्यांनी दादाशी बोलणं टाकलं. तेव्हापासून दादा गवत कापायच्या आधी घमेलं घेऊन प्रत्येक ओळीतून फिरायचा आणि दगड वेचून बांधावर टाकायचा. बारा ओळींना दोन दिवस लागायचे. स्लॅशर सोडायला तो तयार नव्हता, पण वहिनींच्या आग्रहाखातर यंदाच्या श्रावणात त्याने शेजाऱ्यांचा मल्चर मागून आणला. सहा ओळी स्लॅशरने कापायच्या, सहा मल्चरने, आणि रविवारी मला फोन करून निकाल सांगायचा, असं ठरलं होतं. “तुझा झोडप्या जिकला तर आपण दोघं मिळून पेढं वाटू,” असं तो म्हणाला होता. त्या मंगळवारी स्लॅशरच्या सहा ओळी झालेल्या होत्या. मल्चरची दुसरी चालू होती.

तेरावा झाल्यावर मल्चरवाले शेजारी आले. ओट्यावर बसून, बराच वेळ टोपी हातात फिरवत ते वहिनींना म्हणाले, “वैनी, दादांचं नि माझं बोलणं चाललं हुतं. मल्चर तुमी ठेवा, स्लॅशर मला द्या. माझ्या पडीक रानात झुडपं माजल्यात, त्याला स्लॅशरच पायजे. पण तुमी म्हणाल तसं.” वहिनी म्हणाल्या, “उद्या सांगते.”

त्या संध्याकाळी मी वहिनींना समजावत बसलो. स्लॅशर देऊ नका म्हणालो. दोनच पाती, घरी धार लावता येते. मल्चरचा पट्टा सैल होतो, एखादी हातोडी पडली की सगळा रूळ थरथरतो, डिझेल जास्त लागतं, आपला ट्रॅक्टर लहान. बोलता बोलता माझा आवाज चढला असावा. वहिनी शेंगा फोडत होत्या. माझं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, “भावजी, हे समदं त्यांचं बोलणं झालं. तुमचं कुटं गेलं?”

मी त्यांच्या पुढ्यातल्या शेंगा घेऊन फोडायला लागलो. मला ते यंत्र वापरायला नको होतं. ते शेडमध्ये उभं राहायला हवं होतं, एवढंच.

सकाळी त्या मला बागेत घेऊन गेल्या. स्लॅशरने कापलेल्या ओळींत गवताचे पुंजके पडले होते. वहिनींनी पायाने एक बाजूला केला, खाली नवं गवत पिवळं पडलं होतं. मल्चरच्या ओळीत कापलेलं दिसतच नव्हतं. बारीक भुगा सारखा पसरला होता आणि त्याखालची माती बोटाला ओली लागली. दुसरी ओळ मध्येच संपत होती. तिथून पुढे गवत कमरेला आलं होतं.

“निकाल तर दिसतोय,” मी म्हणालो. “पण दादाने काय ठेवलं असतं?”

“त्यांनी? स्लॅशरच.” त्या जरा हसल्या. “आन् तुमाला सांगितलं असतं की झोडप्या हरला.”

“मग तोच ठेवू.”

त्यांनी बांधाकडे बोट केलं. तिथे दादाने वेचलेल्या दगडांचा ढीग होता, माझ्या छातीएवढा. “ते आदी दोन दीस दगडं येचायचे, मग स्लॅशर लावायचे. आता येणारा ड्रायवर तासावर येणार, कानात वायर घालून. त्यो दगडं येचंल व्हय? आन् त्याला पाणी घिऊन कोण जाणार? मीच की.”

मी इतकी वर्षं दोन यंत्रांची तुलना करत होतो. स्लॅशर सुरक्षित होता तो दादाच्या घमेल्यामुळे, हे माझ्या कुठल्याच पत्रकात नव्हतं. मल्चरखालूनही खडा उडतो, पण बहुतेक झाकणाच्या आतच राहतो. दुपारी शेजारी ट्रॅक्टर घेऊन आले. स्लॅशर जोडताना एक खीळ बसेना, ती मी बसवून दिली.

आश्विनात खंडेनवमीला मी पुन्हा केमला गेलो. दादाला वर्ष झालं नव्हतं, सण करायचा नव्हता. पण अवजार बिनपूजेचं ठेवायचं नाही असं वहिनींचं म्हणणं. दादा गेल्यापासून त्यांनी कुंकवाला हात लावला नव्हता. मल्चर मागच्या बाजूने उचलून टेकू देऊन ठेवला होता. त्यांनी करंडा माझ्यापुढे केला. “तुमी लावा, भावजी.”

मी वाकून तीन हातोड्यांना कुंकू लावलं. चौथ्या वेळी बरंचसं खाली सांडलं. वहिनी उभ्या राहून बघत होत्या.

“मास्तर, सरका तिकडं,” त्या म्हणाल्या.

त्यांनी मला मास्तर म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. करंडा घेऊन त्या जमिनीवर बसल्या आणि उरलेल्या एकोणतीस हातोड्यांना एकेक करून बोट लावलं. मी शेजारी बसून रूळ हाताने हळूहळू फिरवत राहिलो. बराच वेळ लागला. दसरा काही उजाडला नाही.

आता शेडमध्ये मल्चर आहे. पाण्याला तोच पोचा पडलेला तांब्या आहे. दगडांचा ढीग बांधावर आहे.