धाकटीचं नाक

थोरलीच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती. तिथे शिरताना अत्तर लावलेलं, केसाला तेल चोपडलेलं कुणीच चालत नसे. मध्ये पांढरं टेबल, त्यावर बुडाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते ग्लास, प्रत्येकावर काचेची चकती, शेजारी पाणी, ड्रॉपर आणि थुंकायला स्टीलचं भांडं. कंपनी स्कॉच मागवायची. बारा, अठरा, पंचवीस वर्षं लाकडी पिंपात मुरलेली सिंगल माल्ट. कुठल्या बाटलीबद्दल गिऱ्हाइकाला काय सांगायचं, ते थोरली ठरवायची.

ती लागली होती टायपिस्ट म्हणून. तेव्हाचे चाखणारे गृहस्थ डोळे मिटून बोलत आणि ही टाइप करी: मध, जुनं चामडं, संत्र्याची साल. सहा वर्षं हे केल्यावर एके दिवशी ती न राहवून म्हणाली, "साल नाही वाटत साहेब. सुकलेलं जर्दाळू वाटतंय." गृहस्थांनी पुन्हा नाक ग्लासात घातलं आणि म्हणाले, "उद्यापासून तुमचाही ग्लास मांडा." पुढे त्यांची खुर्ची तिलाच मिळाली. रविवारच्या पुरवणीत तिच्या नावाने परीक्षण छापून येऊ लागलं. एवढी वर्षं दारूच्या संगतीत काढूनही बाई रोज शुद्धीत घरी येते, याचं सासूबाईंना पहिली दोन वर्षं नवल वाटलं, मग अभिमान वाटू लागला.

धाकटी जाऊ खालच्या मजल्यावर राहायची आणि कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटर सांभाळायची. कपडा आला की डागापाशी नाक नेऊन ती सांगे, "हे तेल. ही शाई. हे औषध, आणि हे तुम्ही सांगताय तसं सरबत नाही हो." लोक हसत. थोरलीही हसायची. धाकटीच्या नाकाची त्या घरात तेवढीच किंमत होती.

कंपनीचा एक नियम होता. महागड्या बाटलीची चाचणी चौघांनी करायची, आणि त्यात एक जण व्हिस्कीतलं काही न कळणारा हवा. त्या दिवशी तो चौथा आलाच नाही. थोरलीने धाकटीला फोन केला. "येतेस का गं तासाभरासाठी? नुसता वास घ्यायचाय."

"चालेल की ताई," धाकटी म्हणाली. "इथे तरी दुसरं काय करते?"

बाटली पंचवीस वर्षांची होती. थोरलीने ती आदल्या दिवशीच उघडून चाखली होती, शंभरात ब्याण्णव गुण दिले होते आणि परीक्षणही लिहून ठेवलं होतं. 'जुन्या ग्रंथालयाची भारदस्त शांतता' हे वाक्य तिचं तिलाच फार आवडलं होतं. चौघांनी वास घेतला. त्यात कंपनीचे मोठे साहेबही होते; त्यांनी मान डोलावली. धाकटीने मात्र ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि म्हणाली, "पुठ्ठा."

"काय?" साहेब म्हणाले.

"भिजलेला पुठ्ठा. आमच्याकडे पावसात कोटांची खोकी भिजली होती ना, अगदी तसा. वरून छान आहे हो, मनुका आहेत, पॉलिशचं लाकूड आहे. पण खाली पुठ्ठा आहे."

थोरली समजुतीने हसली. "अगं, तो जुन्या पिंपाचा वास असतो."

"असेल," धाकटी म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं."

साहेबांना मात्र चैन पडेना. त्यांनी त्याच पेटीतली दुसरी बाटली उघडली आणि दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवले. मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. पहिल्या बाटलीचं बूच खराब निघालं होतं. तोच दमटपणा व्हिस्कीत उतरला होता. थोरलीने ज्याला ग्रंथालय म्हटलं होतं, ते कुजलेलं बूच होतं.

"बाई, कुठे लपवून ठेवलं होतंत हे नाक?" साहेब म्हणाले. थोरलीला वाटलं, प्रश्न आपल्याला आहे. पण साहेब धाकटीकडे बघत होते.

त्यानंतर दर गुरुवारी धाकटीला बोलावणं येऊ लागलं. थोरलीच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या काही केल्या उतरेनात. धाकटी ग्लास कसाही धरायची, मुठीत, चहाचा कप धरावा तसा. पाण्याचे थेंब मोजायची नाही. पण ती म्हणायची "इस्त्री थोडी जास्त तापलीय", आणि सगळ्यांना त्या ग्लासातला करपट धूर स्पष्ट लागायचा. थोरलीने वीस वर्षं घासूनपुसून जमवलेले शब्द धाकटीच्या बोलण्याशेजारी भाड्याने आणलेल्या कपड्यांसारखे दिसू लागले.

घरी तर आणखी तऱ्हा. "आपल्या धाकटीने साहेबाला गार केलं म्हणे!" नवरा जेवताना म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "घरात दोन दोन नाकं, आणि दूध उतू गेलं ते कुणालाच कळलं नाही." सगळे हसले. थोरली ताट उचलून आत गेली. तिला जर्दाळू आठवत होतं. खुर्च्या कशा हलतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

एका गुरुवारी तीस वर्षांची बाटली यायची होती. तसली बाटली त्या खोलीत आजवर आली नव्हती. थोरलीने धाकटीला सांगितलं, "या वेळी चाचणी नाही गं, पुढे ढकलली." आणि साहेबांना सांगितलं, "तिला सणसणीत सर्दी झालीय. नाक पार बंद."

त्या दिवशी तिने ग्लास तासभर नाकाशी धरला. मेण होतं, धूर होता, पिकलेलं फळ होतं. तरी मनात एकच घोळत होतं: धाकटीला काय लागलं असतं? परीक्षणाची एक ओळही तिला लिहिता आली नाही.

शनिवारी सकाळी धाकटी वर आली. हातात थोरलीचा ड्रायक्लीन केलेला कोट होता. तो तिने खुर्चीच्या पाठीवर नीट टाकला.

"ताई, तुमच्या साहेबांचा दुकानात फोन आला होता. माझी सर्दी कशी आहे विचारत होते."

थोरली कोटाचं बटण लावू लागली.

"मी सांगितलं, बरी आहे." धाकटी खाली बसली. "तुम्हाला खोटं पाडलं नाही मी. पण विचारते. का केलंत?"

"पोटात दुखलं माझ्या," थोरली म्हणाली. एवढं सरळ बोलू असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं. "तुझं बघवत नाही मला. मी वीस वर्षं घातली, आणि तू दुकानातून उठून आलीस."

धाकटीने कोटाची बाही सरळ केली. "मीही वीस वर्षंच लोकांच्या कॉलर हुंगतेय, ताई. दर रविवारी पेपरात तुमचं नाव दिसलं की मला काय वाटायचं, ते कधी विचारलंत? मी पुरवणी वाचायचेच नाही. सरळ कपाटात अंथरायचे."

त्यावर दोघींना हसू आलं नाही. धाकटी उठून खाली निघून गेली.

सोमवारी थोरलीने साहेबांना खरं काय ते सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला, शेवटी ते एवढंच म्हणाले, "बाटलीत अजून आहे. तिला घेऊन या." धाकटी आली. तिने वास घेतला, पहिल्यांदाच एक घोटही घेतला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. "सांगता येत नाही मला," ती म्हणाली. त्या क्षणी थोरलीला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची लाजही वाटली.

वर्षभरात कंपनीने धाकटीला नोकरीवर घेतलं. अर्ज थोरलीनेच लिहून दिला, कारण धाकटीने लिहिलेला अर्ज म्हणजे दुकानाची पावती वाटत होती. चार वर्षं दोघी एका टेबलाशी बसल्या, भांडल्या, एकमेकींचे गुण खोडत राहिल्या. मग थोरली निवृत्त झाली.

आता रविवारी पुरवणीत धाकटीचं नाव येतं. थोरली पेन्सिल घेऊन बसते आणि चुका काढते. दोन-चार सापडतातही, त्या ती नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवते. परवाच्या रविवारी धाकटीने एका चाळीस वर्षांच्या व्हिस्कीवर लिहिलं होतं: "वास घेतला आणि वाटलं, घरात कुणीतरी नुकतंच येऊन गेलंय." थोरलीने ती ओळ तीनदा वाचली. एकही चूक नव्हती. पेन्सिल खाली ठेवून ती गॅलरीत जाऊन उभी राहिली, आणि जेवायची हाक आली तरी आत आली नाही.