पाटणचं उघडं कनेक्शन

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाकडं कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. गड्यांनो, मलकापुरात आमच्या दूध संघाच्या ऑफिसात एक दिवस येऊन बसा, मग कळेल! मी मुद्दाम सांगायला जात नाही. चहाला बसलो की एकातून दुसरा निघतोच.

आधी एवढं ध्यानात घ्या. गावोगावच्या सगळ्या दूध सेंटरच्या फायली आमच्या एकाच सर्व्हरवर असतात. एखादं मशीन, म्हणजे तिथला कॉम्प्युटर, बराच वेळ गप्प बसलं की सर्व्हर त्याला विचारतो, "आहेस का?" मशीन "आहे" म्हणालं तर कनेक्शन चालू. पुन्हापुन्हा विचारूनही उत्तर आलं नाही तर तोडून मोकळा. कुणाचा मुलाहिजा नाही!

साहेबांचंसुद्धा तोडलं एकदा. जेवणानंतर केबिनमधून ओरडतच आले, "माझी फाईल कुणी बंद केली? मी विचार करत होतो, झोपलो नव्हतो!"

मी म्हटलं, "साहेब, तुमचं मला माहीत नाही. लॅपटॉप मात्र झोपला होता."

लोणंदचं ऐका. तिथला क्लार्क फाईल उघडी ठेवून, खोलीला कुलूप लावून गावच्या जत्रेला गेला. इकडं सर्व्हर विचारतोय, तिकडून "आहे" येतंय. दुसऱ्या कुणाला ती फाईल मिळेना. मी वॉचमनला फोन लावला, "खिडकीतून बघा, आत कोण बसलंय?"

तो खिडकीशी गेला. मग दबक्या आवाजात म्हणाला, "सायब, आत कोन न्हाई. पन टेबलाखाली कायतरी डोळा मिचकावतंय!"

"अहो, मशीनचा दिवा आहे तो."

"आसंल. मी न्हाई जायाचा आत!"

सगळे हसले. माझ्या मात्र डोक्यात तेच घोळत राहिलं. "आहे" म्हणायला मशीनला माणूस लागतच नाही की!

सारिकाला हेच मी कितीदा सांगितलं. ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिचे वडील, आबा, फौजेतून रिटायर झालेले, पाटण सेंटर एकटेच सांभाळायचे. हृदयाचं दुखणं, पण फोन केला की खवळणार, "मी काय कुक्कुलं बाळ हाय व्हय?" म्हणून ही सारखी माझ्या स्क्रीनवर डोकावायची. पाटणचं कनेक्शन चालू दिसलं की म्हणायची, "हायती आबा."

"अगं, मशीन आहे म्हणतंय, आबा नाहीत म्हणत."

"असू द्या दादा. तेवढ्यावर माझा दिवस जातो."

आबा कनेक्शन कधीच बंद करायचे नाहीत. स्क्रीनचं बटण दाबलं, दाराला कुलूप घातलं, झाली ड्युटी! मशीन रात्रंदिवस चालू. मी वैतागायचो, पण सारिकासाठी गप्प बसायचो.

गेल्या उन्हाळ्यातली दुपार. ती डोकावली आणि उभीच राहिली. "दादा, पाटण गेलं."

मी बघितलं. लाईट गेली नव्हती, लाईन तुटली नव्हती, सर्व्हरनंही तोडलं नव्हतं. युजरनं स्वतः, आत्ताच, रीतसर लॉग-ऑफ केलं होतं; म्हणजे मशीनपुढं बसून कनेक्शन बंद. मला बरंच वाटलं, "शिकले की आबा!"

"आबा असं करत न्हाईत." तिनं आबांना फोन लावला, उचलेनात. मग सेंटरसमोरच्या चहावाल्याला लावला. तो पळत गेला. आबा मागच्या जनरेटर शेडमध्ये बेशुद्ध पडले होते.

कराडच्या डॉक्टरांनी वाचवलं. म्हणाले, "पडून बराच वेळ झाला होता. आणखी उशीर झाला असता तर हाती लागले नसते." सारिका आबांच्या उशाशी जाऊन बसली.

आबांच्या खिशातून निघालेली किल्ली घेऊन दुसऱ्या दिवशी मीच पाटणला गेलो. ऑफिसचं कुलूप जसंच्या तसं. खिडक्या आतून बंद. स्क्रीनचं बटण दाबलं. समोर पासवर्ड मागणारं कोरं पान.

आबा बोलायला लागल्यावर मी हळूच विचारलं, "अहो आबा, शेडकडं जायच्या आधी लॉग-ऑफ केलं होतं का?"

आबांनी उशीवरून मान वळवली.

"लाग-आफ? ते कसं करत्यात रं?"